दोन ग्रहणांमधला सूर्य

१६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी सूर्यग्रहण लागले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. कारवार, हुबळी, रायचूर या पट्ट्यात ते खग्रास होते. आमच्या गावात खंडग्रास. गावाने दारे लावून घेतली होती. पाण्याच्या हंड्यावर, पिठाच्या डब्यावर तुळशीची पाने पडली होती. गरोदर बायांना कोपऱ्यात बसवले होते. मांगवाडा मात्र बाहेर होता, कारण ग्रहणाची वेळ ही आमची वेळ. राहू-केतू जातीने मांग, ते सूर्याला शिवतात, म्हणून ग्रहण सुटताना मांगाला दान दिले की सूर्याचा विटाळ फिटतो, अशी समजूत. माझी आजी पाटी घेऊन आळीआळीने ‘दे दान, सुटे गिरान’ म्हणत फिरली. दार बोटभर उघडायचे, वरून पसाभर ज्वारी किंवा जुने धडपे पाटीत पडायचे, दार पुन्हा लागायचे. आकाशातल्या विटाळाची जबाबदारीही आमच्याच माथी होती. आजीने त्या दिवशी सूर्याकडे पाहिले नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. तिचे लक्ष पाटीकडे होते.

त्याच दुपारी आमच्या गावापासून काहीशे किलोमीटर दक्षिणेला देशोदेशीचे शास्त्रज्ञ दुर्बिणी रोखून बसले होते. त्यांनी घेतलेले एक छायाचित्र मी पुढे शिक्षक झाल्यावर एका ग्रंथालयात पाहिले. चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती प्रभामंडळाचे, म्हणजे करोनाचे, पांढरे तेज चहूबाजूंनी सारखे उमलले होते. टपोऱ्या झेंडूच्या फुलासारखे. शेजारच्या पानावर २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाचे छायाचित्र होते. तेही भारतातूनच, राजस्थानापासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यातून दिसलेले. त्यात मात्र फूल नव्हते. तेज डाव्या-उजव्या अंगांना लांब ओढले गेले होते आणि वर-खाली, ध्रुवांच्या ठिकाणी, नुसती तुरळक पिसे होती. सूर्य तोच, चंद्र तोच, पाहणारी माणसेही साधारण तीच. मग रूप दोन का? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मला जे उमगले ते येथे मांडतो आहे.

हा प्रश्न मलाच प्रथम पडला असे नाही. १२ डिसेंबर १८७१ चे खग्रास ग्रहण दक्षिण भारतातून दिसले. लॉकियर बेकलला होते, जान्सन निलगिरीत. त्या वेळी प्रभामंडळ बरेच गोल दिसले. पुढे २९ जुलै १८७८ रोजी अमेरिकेत ग्रहण झाले, तेव्हा विषुववृत्ताच्या दिशेने प्रकाशाचे पट्टे सूर्यबिंबाच्या कित्येक पट लांब गेलेले निरीक्षकांनी पाहिले. दोन्ही तारखा सौरडागांच्या नोंदींशी ताडल्या तेव्हा संगती लागली. १८७१ च्या सुमारास सूर्यावर डाग भरपूर होते; १८७८ साली जवळपास नव्हतेच.

सौरडागांची संख्या ठरावीक काळाने वाढते आणि घटते हे शोधणारा माणूस विद्यापीठातला पंडित नव्हता. जर्मनीतील देसाऊ गावचा हाइनरिख श्वाबे हा औषधविक्रेता होता. त्याने १८२६ पासून, आकाश निरभ्र असेल तेव्हा रोज, डाग मोजले आणि सतरा-अठरा वर्षांच्या वह्यांवरून आपला निष्कर्ष मांडला. चक्राची सरासरी लांबी सुमारे अकरा वर्षे, हे पुढील मोजणीने ठरले. डाग म्हणजे प्रबळ चुंबकत्वाची ठिकाणे होत, हे १९०८ साली हेल यांनी अमेरिकेत सिद्ध केले. येथपासून सूर्याचा इतिहास हा त्याच्या चुंबकत्वाचा इतिहास झाला.

आता वाऱ्याकडे येऊ. प्रभामंडळ हे सूर्याचे सर्वांत बाहेरचे वातावरण. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश तापमानाचा असतो, प्रभामंडळ मात्र दहा-वीस लाख अंशांचे. इतक्या तप्त वायूत अणू शाबूत राहत नाहीत. प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि थोडे हेलियमचे गाभे मोकळे होतात. या विद्युतभारित द्रव्याला प्लाझ्मा म्हणतात. १९५१ साली बीरमान या जर्मन शास्त्रज्ञाने धूमकेतूंच्या शेपट्यांवरून एक अनुमान काढले. धूमकेतूची वायूंची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेला सरळ जाते. नुसत्या प्रकाशाच्या दाबाने हे घडणार नाही. म्हणून सूर्याकडून कणांचा प्रवाह अखंड येत असला पाहिजे.

१९५८ साली शिकागोच्या यूजीन पार्कर यांनी याचे गणित मांडले. इतके तप्त प्रभामंडळ सूर्याच्या गुरुत्वाला कायमचे बांधलेले राहूच शकत नाही. ते सतत पसरत, वेग घेत, आवाजाच्या वेगाला मागे टाकून अवकाशात वाहत राहील. या प्रवाहाला त्यांनी सौरवात, म्हणजेच सूर्याचा वारा, असे नाव दिले. लेख ज्या नियतकालिकाकडे गेला त्याच्या दोन्ही परीक्षकांनी तो नाकारला. संपादक होते लाहोरात जन्मलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांनाही ती कल्पना रुचली नव्हती. परंतु परीक्षकांनी गणितातली एकही चूक दाखवलेली नव्हती. चंद्रशेखरांनी लेख छापला. स्वतःच्या आवडीपेक्षा आणि दोन अधिकारी माणसांच्या शब्दापेक्षा त्यांनी युक्तिवादाला मोठे मानले, याची नोंद आपण घेतली पाहिजे. निकाल लागायला फार वर्षे लागली नाहीत. १९५९ साली सोव्हिएत ल्यूना यानांनी हे कण टिपले आणि १९६२ साली शुक्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या मरिनर-२ यानाने तीन महिन्यांहून अधिक काळ सतत मोजमाप केले. वारा एक दिवसही थांबला नव्हता.

हा वारा आपल्या ओळखीच्या वाऱ्यासारखा नाही. पृथ्वीजवळ त्याच्या एका घनसेंटिमीटरमध्ये सरासरी अवघे पाच-सहा प्रोटॉन असतात. तरी सर्व दिशांना मिळून सूर्य दर सेकंदाला सुमारे दहा लाख टन द्रव्य या वाटेने गमावतो. वाऱ्याच्या ढोबळ मानाने दोन जाती आहेत. संथ वारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने येतो, दाट असतो आणि त्याचा वेग व घनता सारखी बदलत असते. वेगवान वारा सुमारे ७५० किलोमीटर वेगाने येतो, विरळ असतो आणि एकसारखा वाहतो. पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर तोडायला पहिल्याला चार दिवसांहून थोडे अधिक लागतात, दुसऱ्याला सव्वादोन-अडीच दिवस.

दोन जाती का, याचे उत्तर चुंबकत्वात आहे. प्लाझ्मा चुंबकीय रेषांना आडवा सहसा ओलांडू शकत नाही. तो त्यांच्या कडेने सरकतो. सूर्याच्या पृष्ठभागावर ज्या ठिकाणी रेषा वर जाऊन कमानीसारख्या पुन्हा खाली येतात, तेथे वायू अडकून पडतो, दाट होतो आणि उजळ दिसतो. ज्या ठिकाणी रेषा परत न येता अवकाशात दूरवर मोकळ्या गेलेल्या असतात, तेथे वायू निसटतो. असा भाग क्ष-किरणांच्या चित्रात काळा दिसतो. त्याला प्रभामंडळातील विवर म्हणतात. १९७३-७४ साली स्कायलॅब या अवकाशस्थानकावरून घेतलेल्या चित्रांनी वेगवान वाऱ्याचा उगम या विवरांत आहे हे पक्के केले. त्यामुळे एक जुने कोडेही सुटले. सूर्यावर डाग नसतानाही दर सत्तावीस दिवसांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळे का येतात, असा प्रश्न बार्टेल्स यांना १९३० च्या दशकातच पडला होता. पृथ्वीवरून पाहता सूर्याची एक फेरी सुमारे सत्तावीस दिवसांची. दर फेरीला तेच विवर समोर येते आणि तोच वेगवान झोत पुन्हा आपल्यावर येतो. संथ वारा प्रामुख्याने कमानींच्या कडांवरून निघतो. त्याच्या उगमाचे बारकावे अजून अभ्यासाचा विषय आहेत.

एवढी तयारी झाल्यावर अकरा वर्षांचे चक्र उलगडता येते. सौरडाग अत्यल्प असण्याच्या काळात, म्हणजे किमान काळात, सूर्याचे चुंबकत्व साध्या पट्टीचुंबकासारखे असते; एका ध्रुवाजवळ उत्तर, दुसऱ्याजवळ दक्षिण. दोन्ही ध्रुवांवर मोठी विवरे पसरलेली असतात आणि कमानी विषुववृत्तापाशी गोळा झालेल्या असतात. म्हणून वेगवान वारा ध्रुवांकडून निघून अवकाशाचा बहुतेक भाग व्यापतो. संथ वारा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण वीस अंशांच्या पट्ट्यात उरतो. हे अनुमान प्रत्यक्ष तपासले युलिसिस यानाने. १९९० साली निघालेले हे यान १९९२ मध्ये गुरूच्या गुरुत्वाचा आधार घेऊन ग्रहांच्या प्रतलातून बाहेर वळले. १९९४ साली ते सूर्याच्या दक्षिण ध्रुवाकडच्या आणि १९९५ साली उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशावरून गेले. विषुववृत्ताचा पट्टा सोडल्यावर वारा सातत्याने ७५० किलोमीटरच्या घरात होता. ऑक्टोबर १९९५ चे ग्रहण त्याच वर्षीचे. छायाचित्रातले डावी-उजवीकडचे लांब पट्टे म्हणजे विषुववृत्तावरच्या कमानी आणि त्यांवरून ओढला गेलेला संथ वारा; ध्रुवांवरची तुरळक पिसे म्हणजे विवरांतल्या मोकळ्या रेषा. जमिनीवरून घेतलेले चित्र आणि कोट्यवधी किलोमीटरवरून केलेली मोजणी, दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते.

कमाल काळात सगळे विस्कटते. ध्रुवांवरची विवरे आक्रसून नाहीशी होतात. लहान लहान विवरे कोठेही उघडतात आणि कमानी सर्व अक्षांशांवर उभ्या राहतात. म्हणून प्रभामंडळ गोल दिसते. १९८० ची ती झेंडूसारखी आकृती अशाच काळातली. युलिसिस २००० आणि २००१ साली पुन्हा ध्रुवप्रदेशांवरून गेले तेव्हा दक्षिणेकडे त्याला संथ आणि वेगवान वाऱ्याची सरमिसळ आढळली. पहिल्या फेरीतली शिस्त कोठेच नव्हती. उत्तरेला पोहोचेपर्यंत मात्र तेथे नवे विवर आकार घेऊ लागले होते आणि वेगवान वारा पुन्हा सुरू झाला होता. याच काळात प्रभामंडळातून द्रव्याचे प्रचंड लोट उसळतात. किमान काळात असे उद्रेक काही दिवसांतून एखादे होतात. कमाल काळात दिवसाला अनेक.

कमाल काळानंतरच्या उतरणीला स्वतःचे रूप आहे. ध्रुवांवर नवी विवरे वाढतात आणि त्यांचे फाटे विषुववृत्तापर्यंत उतरतात. सूर्य फिरत असल्याने वाऱ्याबरोबर गेलेल्या चुंबकीय रेषा शेतातल्या फिरत्या फवाऱ्याच्या धारांसारख्या वळतात. पृथ्वीपाशी हे वळण सुमारे पंचेचाळीस अंशांचे असते. फाट्यातून आलेला वेगवान झोत पुढच्या संथ वाऱ्याला मागून गाठतो, त्याला दाबतो, आणि तो दाबलेला पट्टा दर सत्तावीस दिवसांनी पृथ्वीवरून जातो. डाग कमी झाले म्हणजे सूर्य शांत झाला, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

सूर्याच्या उत्तर आणि दक्षिण चुंबकीय प्रदेशांच्या मध्ये विद्युतप्रवाहाचा एक पातळ पडदा असतो. तो ग्रहांच्याही पलीकडे पसरलेला आहे. फुगडी घालणाऱ्या मुलीच्या परकराचा घेर जसा वर-खाली लहरतो, तसा तो लहरतो. किमान काळात घेर जवळपास सपाट असतो. कमाल काळी त्याचा कल सत्तर अंशांच्याही पुढे जातो. पृथ्वी कधी घेराच्या वर, कधी खाली येते आणि तेवढ्यावरून आपल्यापाशी येणाऱ्या वाऱ्यातील चुंबकत्वाची दिशा पालटते.

हे सर्व घडते कशामुळे? सूर्य घन गोळा नाही. त्याचे विषुववृत्त सुमारे पंचवीस दिवसांत फिरते, ध्रुवांकडचा भाग सुमारे पस्तीस दिवसांत. त्यामुळे ध्रुवापासून ध्रुवापर्यंतच्या सरळ चुंबकीय रेषा चऱ्हाटासारख्या पिळल्या जातात. पीळ वाढला की त्यांचे वेढे पृष्ठभाग फोडून वर येतात. तेच सौरडागांच्या जोड्या. डाग विरल्यावर त्यांचे उरलेले चुंबकत्व हळूहळू ध्रुवांकडे सरकते, तेथल्या जुन्या चुंबकत्वाला खोडते आणि शेवटी उलट्या प्रकारचे चुंबकत्व तेथे स्थिर होते. अशी अदलाबदल बॅबकॉक यांनी प्रथम नोंदली. १९५७ साली दक्षिण ध्रुव पालटला, उत्तर ध्रुव १९५८ च्या अखेरीस. मधला वर्ष-दीडवर्षाचा काळ सूर्याचे दोन्ही ध्रुव एकाच प्रकारचे होते. म्हणून चुंबकत्वाच्या हिशेबाने पूर्ण चक्र बावीस वर्षांचे ठरते.

हे चक्र घड्याळाच्या काट्यांसारखे नेमके नाही. एखादे नऊ वर्षांत आटोपते, एखादे तेरा-चौदा वर्षे लांबते. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ दिसलेच नाहीत. युलिसिसच्या तिसऱ्या फेरीत, २००७-०८ च्या सुमारास, वाऱ्याचा दाब आधीच्या किमान काळापेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी भरला. सूर्य पुन्हा त्याच अवस्थेत येतो असे वाटते, पण तंतोतंत त्याच ठिकाणी तो कधी येत नाही.

या वाऱ्याशी आपला संबंध काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. उत्तर मुंबईतच आहे. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये, एका कमाल काळाच्या तोंडाशी, सूर्यावरचा उद्रेक पृथ्वीवर आदळला तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय उपकरणांची वाचने डोळ्यांनी घेऊन वहीत उतरवली जात होती. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा घटक तेथे सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी खाली आल्याची नोंद झाली. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या जुन्या वह्यांचे पुन्हा विश्लेषण केले आणि जगाने त्या वादळाची तीव्रता कुलाब्याच्या आकड्यांवरून जोखली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून हे चुंबकीय काम १९०४ पासून अलिबागला गेले; तेथे ते आजही चालू आहे. कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ पासूनच्या साठ वर्षांच्या नोंदी १९१० साली दोन खंडांत प्रसिद्ध केल्या.

१३ मार्च १९८९ रोजी असेच एक वादळ आले आणि कॅनडातील क्युबेक प्रांतात साठ लाख लोकांची वीज सुमारे नऊ तास गेली. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथून आकाश तांबडे झालेले दिसले. तेही याच वाऱ्याचे काम. उलट बाजूही आहे. सूर्याचा वारा व त्याचे चुंबकत्व दूरच्या विश्वकिरणांना काही प्रमाणात अडवते. किमान काळात हा अडसर ढिला पडतो आणि पृथ्वीवर विश्वकिरण अधिक येतात.

भारताचे आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघून ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या ठिकाणी पोहोचले. त्यावरील सौरवाताचे कण मोजणारे एक उपकरण अहमदाबादचे, तर सूर्याची अतिनील चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या पुढाकाराने घडलेली. पार्कर यांचे नाव दिलेले अमेरिकन यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेले. सध्याचे, म्हणजे मोजणीतले पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, सूर्य कमाल काळात आल्याचे जाहीर झाले.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. जुन्या दानपत्रांत ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असे लिहीत. सूर्य-चंद्र असेपर्यंत हे चालेल, असा अर्थ. आपल्यावरची व्यवस्थाही अशीच सूर्याइतकी अचल म्हणून सांगितली गेली. तेव्हा एखादा कार्यकर्ता सभेत म्हणेल की, पहा, सूर्यसुद्धा अकरा वर्षांत पालटतो, मग समाज का पालटू नये? टाळी मिळेल. मला मात्र हा युक्तिवाद मान्य नाही. निसर्गात अमुक आहे म्हणून माणसांतही तसेच असावे, हा मार्गच वर्णव्यवस्थेने वापरला. मुखापासून पायापर्यंतची उतरंड तशीच रचली गेली आणि राहूला जात तशीच चिकटवली गेली. समता ही सूर्याच्या बदलण्यावर अवलंबून नाही. सूर्य कायम एकसारखा राहिला असता तरी माझ्या आजीच्या हातातली पाटी अन्यायाचीच होती.

मग या अभ्यासातून घ्यायचे काय? कारण शोधण्याची पद्धत. श्वाबेने डाग मोजले, बीरमानने शेपट्या पाहिल्या, पार्करने गणित केले, मरिनरने ते तपासले, युलिसिसने ध्रुवांवर जाऊन खात्री केली. एकेका पायरीवर कोणाही माणसाला ‘कशावरून?’ असे विचारता येते आणि उत्तर देणाऱ्याची जात, पद, वय तेथे पुरावा म्हणून चालत नाही. राहूच्या कथेत ‘कशावरून?’ विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याला दारातून ज्वारी मिळाली नसती.

म्हणून वसतिगृहांतल्या, आश्रमशाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रहणाला मुलांना घरात बसवू नका. प्रमाणित सौरचष्मे द्या. नसतील तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर घ्या. उघड्या डोळ्यांनी मात्र पाहू देऊ नका. सूर्याच्या प्रकाशाने दृष्टी कायमची जाऊ शकते आणि याचा विटाळाशी काही संबंध नाही. २ ऑगस्ट २०२७ चे खग्रास ग्रहण इजिप्तमध्ये लक्सरहून दिसेल. त्याची छायाचित्रे मिळवा आणि १९८० व १९९५ च्या चित्रांशेजारी वर्गात लावा. तो काळ चक्राच्या उतरणीचा असेल. येथे सांगितलेले बरोबर असेल तर त्या दिवशीचे प्रभामंडळ १९८० इतके गोल नसेल आणि १९९५ इतके ओढलेलेही नसेल. ध्रुवांवर पिसे दिसू लागलेली असतील. मुलांना आधी वहीत भाकीत लिहू द्या, मग चित्र दाखवा. भाकीत चुकले तर का चुकले, हे त्यांना माझ्यापासून सर्वांना विचारता आले पाहिजे.